समुद्रातल्या खुणा (भाग ७) : किनाऱ्यावरची पेटी

गेल्या आठवड्यात आपण बोयाची साखळी आणि तळाशी बसणारा काँक्रीटचा ठोकळा पाहिला. साखळी पाण्याच्या खोलीपेक्षा बरीच लांब असते, म्हणून बोया वाऱ्या-प्रवाहाबरोबर ठोकळ्याभोवती हिंडत राहतो. तेव्हा जागा नेमकी साधायची ती ठोकळ्याची. एकदा सोडला की तो सहजासहजी हलवता येत नाही.

अमेरिकेच्या कोस्ट गार्डची बोया सांभाळणारी जहाजं पूर्वी हे काम सेक्स्टंटने करत. नकाशात नोंदलेलं दीपगृह, चर्चचा मनोरा, पाण्याची टाकी अशा तीन खुणा निवडायच्या, त्यांच्यामधले दोन कोन एकाच वेळी मोजायचे आणि त्यावरून जहाजाची जागा काढायची. धुकं उतरलं की सगळं ठप्प.

जीपीएस आलं तरी अडचण सुटली नाही. अमेरिकी संरक्षण खातं नागरी संदेशात मुद्दाम चूक मिसळत असे. ती २ मे २००० रोजी थांबली. तोवर साध्या यंत्राची जागा १०० मीटरपर्यंत चुकू शके. अरुंद खाडीत एवढ्या फरकाने बोया थेट खडकावर जायचा.

यावरचा उपाय मला फार आवडतो, कारण त्यात उपग्रहाला हातही लावावा लागत नाही. एक जीपीएस यंत्र पेटीतून किनाऱ्यावर न्यायचं आणि मोजणी होऊन अक्षांश-रेखांश पक्के झालेल्या खुणेवर तिकाटण्यावर उभं करायचं. स्वतःची जागा ठाऊक असल्यामुळे प्रत्येक उपग्रह किती दूर असायला हवा, हे त्याला गणिताने कळतं. समजा, संदेशावरून ते अंतर ४२ मीटर जास्त भरलं, तर त्या उपग्रहासाठी दुरुस्ती झाली उणे ४२. हा आकडा रेडिओवरून जहाजाला जातो. जहाज त्याच उपग्रहांकडे, जवळपास त्याच आकाशातून पाहत असतं, त्यामुळे तिथली चूकही जवळजवळ तेवढीच असते. ती वजा झाली की १०० मीटरचे काही मीटर होतात.

मात्र पेटी ठेवलेल्या खुणेचे आकडेच ५ मीटरने चुकीचे असतील, तर त्या दिवशी टाकलेला प्रत्येक बोया तेवढाच चुकतो. पेटीपासून दूर जावं, दुरुस्ती शिळी व्हावी, तशी अचूकता घटते. शेजारच्या लोखंडी भिंतीवरून परावर्तित होऊन आलेला संदेश तर फक्त त्याच यंत्राला फसवतो. जहाजाला त्या दुरुस्तीचा उपयोग नाही, उलट अपायच.

पुढे हेच काम कायमच्या किनारी स्थानकांनी मध्यम लहरींवरून केलं. अमेरिकेतलं ते जाळं १९९९ मध्ये पूर्ण क्षमतेने चालू झालं आणि २०२० मध्ये बंद झालं. आपल्याकडेही दीपगृहांच्या आवारात अशी स्थानकं उभी राहिली; कोकणातलं टोळकेश्वर त्यांपैकी एक.

आता डेकवर चला. जीपीएसची अँटेना डोलकाठीवर, ठोकळा जहाजाच्या कडेला. दोन्हींमध्ये २० मीटर अंतर असेल, तर जहाजाचं तोंड कुठे आहे यावर ठोकळ्याची जागा बदलते. म्हणून जायरो कंपासचा आकडा सतत हिशेबात घ्यावा लागतो. पडद्यावरची खूण ठरलेल्या जागेवर येते, ब्रिजवरून हुकूम सुटतो, साखळी धरून ठेवणाऱ्या हुकावर घणाचा घाव बसतो. ठोकळा पाण्यात जातो, मागोमाग साखळी कडेवरून खडखडत धावते, आणि नोंदवहीत त्याच सेकंदाचे अक्षांश-रेखांश लिहिले जातात.