केसपेपर माणसाच्या आधी पोहोचला तर

लोहारा तालुक्यातल्या माणसाचं मोठं दुखणं एका दवाखान्यात क्वचितच भागतं. आधी गावचं उपकेंद्र, मग लोहाऱ्याचं किंवा सास्तूरचं ग्रामीण रुग्णालय, तिथून उमरगा, आणि प्रकरण हाताबाहेर जातंय असं वाटलं की सोलापूर नाहीतर लातूर. प्रत्येक खिडकीवर नवा केसपेपर निघतो आणि त्याच्या मागोमाग नव्या तपासण्या लागतात. जुने रिपोर्ट पिशवीत असतात खरे, पण रात्रीच्या धावपळीत पिशवीच घरी राहते. पिशवी आठवणीने आणली, तरी थर्मल कागदावरच्या ईसीजीची रेघ एव्हाना फिकी पडलेली असते.

हे रिपोर्ट एका दवाखान्याच्या संगणकातून दुसऱ्याच्या संगणकात गेले तर खर्च किती वाचेल? चटकन सुचणारं उत्तर असं की, तीच तपासणी दोनदा होणार नाही. उत्तर बरोबरच आहे, पण खरा पैसा वेगळ्याच जागी वाचतो, आणि ती जागा कळली तेव्हा मी थक्क झालो.

अमेरिकेतल्या मेम्फिस शहरात बारा रुग्णालयांच्या तातडीच्या विभागांना एकमेकांच्या नोंदी पाहण्याची सोय करून दिली होती. त्याचा हिशेब २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. डॉक्टरांनी त्या नोंदी उघडून पाहिल्या त्या जेमतेम ७ टक्के भेटींत, तरीही वर्षाला सुमारे १९ लाख डॉलर वाचले. त्यातला जवळपास सगळा पैसा टळलेल्या भरतीचा होता. चाचण्यांचा वाटा अगदी किरकोळ निघाला.

असं का व्हावं? क्रिएटिनिनचं उदाहरण घेऊ. मूत्रपिंडं रक्त किती साफ करताहेत, हे सांगणारा हा आकडा. साठीतला एक शेतकरी उलट्या आणि अशक्तपणा घेऊन रात्री दोन वाजता आला आणि रिपोर्टमध्ये २.४ आलं, असं समजा. महिन्यापूर्वी तेच १.० असेल, तर मूत्रपिंडावर आत्ता, या आठवड्यात काहीतरी ओढवलंय. त्याला ताबडतोब भरती करून घ्यायला हवं, नाहीतर जिवावर बेतेल. पण दोन वर्षांपासून २.४ च असेल, तर दुखणं जुनं आहे. उलट्यांवर इलाज करून, बाकी सगळं ठीक असेल तर, सकाळी त्याला घरी पाठवता येतं. आकडा तोच असतो. फरक करते ती मागची नोंद, आणि ती समोर नसली की कुठलाही विचारी डॉक्टर ‘ॲडमिट करून घ्या’ असंच म्हणणार. त्यात त्याची चूक नाही. मग खाट, सलाईन, सोबत आलेल्या दोघांचा बुडालेला रोजगार, जेवणखाण, परतीचं भाडं असा सगळा खर्च एका न सापडलेल्या कागदापायी होतो. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार मोफत आहेत, पण हा बाहेरचा खर्च घरच्यांच्याच खिशातून जातो.

आता हा आकडा लोहाऱ्याहून सोलापूरला जाणार कसा? एका लॅबच्या रिपोर्टवर ‘एस. क्रिएटिनिन’ असतं, दुसरीच्या ‘क्रिएट’, तिसरी नुसतंच मूत्रपिंडाच्या तपासण्यांच्या ‘आरएफटी’ या गटात घालते. माणसाला कळतं, यंत्राला कळत नाही. म्हणून अमेरिकेतल्या इंडियानापोलिसच्या रिगेनस्ट्रीफ संस्थेने १९९४ पासून प्रत्येक तपासणीला क्रमांक द्यायला घेतले. या पद्धतीचं नाव लॉइंक. रक्तातल्या क्रिएटिनिनचा क्रमांक २१६०-०, हिमोग्लोबिनचा ७१८-७. जगात कुठेही २१६०-० म्हटलं की तेच. भारताच्या आरोग्य नोंदींच्या मानकांतही लॉइंक आहे, आणि अशा मानकांचं आपलं राष्ट्रीय केंद्र पुण्याच्या सी-डॅकमध्ये चालतं.

यापुढची करामत मला सगळ्यांत विलक्षण वाटते. २७ सप्टेंबर २०२१ ला देशभर सुरू झालेल्या आयुष्मान भारत डिजिटल मिशनमध्ये सगळ्यांचे रिपोर्ट दिल्लीच्या एखाद्या कोठारात साठवलेले नसतात. नोंद जिथे झाली तिथेच राहते. सोलापूरच्या डॉक्टरने मागितली की पेशंटच्या मोबाइलवर विचारणा येते: कोण मागतंय, कशासाठी, कुठल्या काळातले रिपोर्ट, आणि किती दिवसांसाठी. होकार मिळाला की दोन्ही बाजूंचे संगणक त्या एका वेळेपुरती गुप्त किल्ली तयार करतात. ही किल्ली तारेवरून जातच नाही. दोघेही आपापला एक आकडा मनाशी ठेवतात, त्यावर गणित करून आलेलं उत्तर उघडपणे पाठवतात, आणि दुसऱ्याचं उत्तर आपल्या आकड्याशी जोडून दोघेही एकाच गुपितावर पोहोचतात. मध्ये कान देऊन बसलेल्याला दोन्ही उत्तरं ऐकू आली तरी गुपित लागत नाही. १९७६ मध्ये डिफी आणि हेलमन यांनी हा मार्ग जगापुढे मांडला. सास्तूरच्या आजीचा शुगरचा रिपोर्ट अशा कुलपात बंद होऊन जाऊ शकतो, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

मग सगळीकडे हे झपाट्याने का होत नाही? कारण वाचलेला पैसा कोणाच्या खात्यात जमा होतो, यावर बरंच काही ठरतं. दर तपासणीचे पैसे घेणाऱ्या खासगी दवाखान्याचं, जुना रिपोर्ट आयता मिळाला की, उत्पन्न घटतं. संगणक, ऑपरेटर, जोडणीचा खर्च त्याने करायचा आणि फायदा पेशंटला. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत मात्र उलटं गणित आहे. तिथे एका उपचाराचं ठरलेलं पॅकेज असतं आणि तपासण्या त्यातच धरलेल्या. तिथे तीच सोनोग्राफी पुन्हा केली तर पैसे रुग्णालयाचेच जातात, आणि जुना रिपोर्ट मिळाला तर त्याचेच वाचतात. नोंदींची देवाणघेवाण पॅकेजच्या बाजूने आधी रुजेल, असं माझं मत आहे.

हुरळून जाऊ नये असा पुरावाही आहे. मेम्फिसच्या हिशेबाच्या त्याच वर्षी अमेरिकेतला आणखी एक अभ्यास आला: एक्स-रे, स्कॅनचे निकाल संगणकावर पाहण्याची सोय असलेले डॉक्टर अशा तपासण्या ४० ते ७० टक्के जास्त सांगतात असं त्यात दिसलं. निकाल पाहणं सोपं झालं की कदाचित तपासणी सांगणंही सोपं होत असावं. आणि इंडियानापोलिसमधल्या २००२ च्या चाचणीत एका रुग्णालयात दर भेटीमागे बिल २६ डॉलरने उतरलं, तर दुसऱ्यात काहीच फरक पडला नाही.

तेव्हा रात्री दोन वाजता निर्णय घेणाऱ्या माणसापुढे मागचं २.४ आपोआप, न शोधता येतं का, यावर सगळं ठरेल. त्यासाठी सुरुवात सोलापुरात होत नाही. लोहाऱ्याच्या खिडकीवर केसपेपर काढताना याच डिजिटल मिशनमधला पेशंटचा चौदा आकडी आभा क्रमांक त्याला जोडला गेला, आणि लॅबमधला निकाल वहीऐवजी संगणकात चढला, तरच पुढे पाठवायला काही असतं. पिशवीतल्या जुन्या रिपोर्टांचे फोटोही मोबाइलवरच्या आरोग्य ॲपमध्ये आपले आपण चढवता येतात. हे काम घरातला कॉलेजात जाणारा मुलगा किंवा मुलगी एखाद्या रविवारी सहज करू शकेल.