पुरुषांचे जाते

‘जात्यावर बसले की ओवी सुचते’ ही म्हण आपण सगळेच वापरतो. कामाला हात घातला की ते जमू लागते, असा तिचा रूढ अर्थ. मला मात्र तिच्यात आणखी एक अर्थ दिसतो. ओवी सुचायला जाते लागते. मनातले बोलायला आधी एक जागा लागते, आणि त्या जागेवर बोललेले गावाने मान्य केलेले असावे लागते. पहाटेच्या अंधारात सासुरवास, नवऱ्याचा अबोला, माहेरची ओढ, मेलेले लेकरू असे सगळे दोन-दोन ओळींत बाहेर पडत असे. समोर खुंट्याला हात लावून बसलेली दुसरी बाई ते ऐकत असे आणि दळण संपले की कुणी त्याचा जाब विचारत नसे. हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांच्या पुढाकाराने महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांतून अशा एक लाखाहून अधिक ओव्या गोळा झाल्या. त्यांत आमच्या बीड जिल्ह्यातल्या माजलगावच्या बायांच्याही आहेत. त्या वाचताना एक प्रश्न मला सोडीना. याच घरांतल्या पुरुषांचे जाते कुठे होते?

या प्रश्नाचे मूळ माझ्या घरात आहे. १९७२च्या दुष्काळात मी तीन वर्षांचा होतो. वडिलांच्या नावावर जमीन होती, गावात शब्दाला मान होता. विहीर आटली, कणग्या रिकाम्या झाल्या. गावाजवळ दुष्काळी काम सुरू होते, पण वडील तिथे गेले नाहीत. ‘पाहुण्यांकडे जाऊन येतो’ असे सांगून ते दूर, जिथे कुणी ओळखणार नाही अशा कामावर खडी फोडायला गेले. दीड महिन्याने परतले तेव्हा धोतराच्या सोग्यात माझ्यासाठी सुकडी बांधलेली होती. सुकडी दुष्काळी कामावरच मिळते, हे आईला ठाऊक होते. हाताचे फोड तर तिला दिसतच होते. ती काही बोलली नाही. वडीलही मरेपर्यंत बोलले नाहीत. मला हे कळले ते त्यांच्या वर्षश्राद्धाला, आईकडून.

वडिलांना लाज कशाची वाटली? काबाडकष्टाची नव्हे, ते तर जन्मभर केलेच. लाज वाटली दिसण्याची. इथे मराठीतला एक छोटा शब्द फार काही सांगून जातो : पत. पतपेढी, पतसंस्था यांतली पत म्हणजे उधार मिळण्याची लायकी. ‘त्याची गावात पत आहे’ यातली पत म्हणजे अब्रू. आपल्या भाषेने पैशाची आणि मानाची खातेवही एकच ठेवली आहे. म्हणून ‘मी अडचणीत आहे’ हे वाक्य आमच्याकडचा पुरुष सहज उच्चारत नाही. ते उच्चारले की कृषी सेवा केंद्रवाला खत-बियाणे उधारीवर देताना हात आखडतो. मुकादम उचल देताना दहा वेळा विचार करतो. मुलीचे जमत आलेले स्थळ मागे सरते. ‘बायांसारखं काय रडतोस’ हा टोमणा तर असतोच, पण गप्प बसण्यामागे एवढेच कारण नसते. त्यामागे रोकडा हिशेब असतो. तो समजून न घेता ‘पुरुषांनो, बोलते व्हा’ असे सांगणे सोपे आहे. ते सांगणाऱ्याची पत पणाला लागलेली नसते.

ऊसतोडीकडे पाहिले की हे जास्त स्पष्ट होते. दसरा-दिवाळीच्या सुमारास बीडमधून टोळ्या साखर कारखान्यांकडे निघतात. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ धरला जातो. उचल बहुधा पुरुषाच्या नावावर घेतली जाते, फेडतात मात्र दोघांचे हात. उचल किती, आधीची किती फिटली, हे बायकोला नीट ठाऊक नसलेली घरे मी पाहिली आहेत. नवऱ्याने लपवलेल्या लाजेची किंमत अशा वेळी तिच्या अंगातून वसूल होते. म्हणून पुरुषांच्या मौनाला केवळ पुरुषांचे दुःख म्हणून चालणार नाही.

या मौनाची शेवटची टोके सरकारी तक्त्यांत दिसतात. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२च्या अहवालानुसार देशात आत्महत्या केलेल्या दर शंभर जणांमागे जवळपास ७२ पुरुष होते. मराठवाड्यात २०२३ साली १,०८८ शेतकरी आत्महत्यांची नोंद झाली. त्यांपैकी २६९ एकट्या बीड जिल्ह्यात, म्हणजे विभागात सर्वाधिक. अशा आत्महत्येमागे कारण एकच नसते. नापिकी, कर्ज, आजार, घरातले ताण, दारू यांचा गुंता असतो. पण सरकारी मदतीसाठी प्रकरण ‘पात्र’ ठरवताना प्रामुख्याने पाहिले जाते ते नापिकी, बँकेचे वा परवानाधारक सावकाराचे कर्ज आणि वसुलीचा तगादा. मेव्हण्याकडून घेतलेले हातउसने, भावकीत ऐकलेला एक शब्द, मोडलेले लग्न यांना त्या कागदावर रकाना नाही. जिवंतपणी ज्याला कुणी सविस्तर विचारले नाही, त्याची पहिली सविस्तर विचारपूस त्याच्या पश्चात होते, आणि तीही पात्र-अपात्र ठरवण्यासाठी.

मग पुरुषांना जाते कधी नव्हतेच का? होते, आणि आजही आहे. आमच्याकडे गावोगाव हरिनाम सप्ताह बसतो. ज्ञानदेवांच्या समाधीचा प्रसंग कीर्तनात आला की एरवी करडी वाटणारी माणसे पंच्याने डोळे पुसतात. तो प्रसंग नामदेवांनी अभंगांत सांगितला, आणि त्यात रडणारे बहुतेक पुरुषच आहेत. विराण्या आणि गौळणी गाताना तर पुरुष स्त्रीच्या तोंडाने विरह बोलतात. तिथे रडण्याला मुभा आहे, कारण ते दुःख नावावर लागत नाही. अडचण तीच आहे. सप्त्यात विठ्ठलासाठी रडलेला माणूस सकाळी पारावर ‘कसं चाललंय’ म्हटल्यावर ‘बरं चाललंय’ एवढेच सांगतो.

नावानिशी बोलण्याचे उदाहरणही याच परंपरेत आहे. तुकोबांनी १६३०च्या सुमाराचा दुष्काळ सोसला. पैसा गेला, मान गेला, पहिली बायको अन्नावाचून गेली, व्यापार बुडाला, जिवाला लाज वाटली, हे सगळे त्यांनी स्वतःच्या तोंडाने सांगून ठेवले आहे. मात्र सांगण्याआधी ते एक खुलासा करतात : खरे तर हे बोलू नये, पण तुम्ही संतांनी विचारले म्हणून सांगतो. मला हा खुलासा फार मोलाचा वाटतो. विचारणारे होते, आणि त्या विचारणाऱ्यांच्या वहीत तुकोबांच्या नावे काही येणे नव्हते. आपल्या वाट्याची कर्जखते त्यांनी इंद्रायणीत बुडवली, असे परंपरा सांगते. वही आधी पाण्यात गेली, मग मन मोकळे झाले, असा अर्थ मी त्यातून काढतो.

इतकी वर्षे लोकांशी बोलून मलाही हेच आढळले. माणूस बोलतो, पण ज्याच्याशी देणेघेणे नाही त्याच्याशी. एस.टी.तल्या शेजाऱ्याशी, वारीतल्या अनोळखी दिंडीकऱ्याशी, दवाखान्याच्या बाकावर. २०१५ साली राज्य सरकारने मराठवाडा-विदर्भातल्या १४ जिल्ह्यांत ‘प्रेरणा प्रकल्प’ सुरू केला. आशाताई घरोघर जाऊन मनाची विचारपूस करतील, अशी त्याची रचना. कल्पना चांगलीच. पण आशाताई बहुधा गावातलीच कुणाची तरी सून असते, आणि तिच्यापुढेही पत सांभाळावी लागते. त्या मानाने २०२२पासून सुरू असलेल्या ‘टेलि-मानस’च्या १४४१६ या फुकट क्रमांकावर पलीकडे बसलेल्या माणसाला आपले गाव, भावकी, सातबारा काहीच ठाऊक नसते. मराठीतही बोलता येते. वहीबाहेरचा कान म्हणून मी तो क्रमांक भेटेल त्याला देतो.

विचारण्याची रीतही महत्त्वाची. ‘तुम्ही दुःखी आहात का?’ याला उत्तर ‘नाही’ हेच येते. ‘झोप लागते का? जेवण जातं का? जिवाला घोर कशाचा?’ असे विचारले की ‘काय न्हाई, जरा डोकं जड हाय’ इथून सुरुवात होते. डोके जड आहे म्हणणारा माणूस बोलू लागलेला असतो. तेव्हा त्याला उपदेश करू नये, रक्कमही लगेच विचारू नये. बसून राहावे.

वर्षश्राद्धाच्या त्या दिवशी मी आईला म्हणालो, ‘तुला सगळं ठाऊक होतं, तर बोलली का नाहीस?’ ती म्हणाली, ‘आम्ही बाया जात्यावर एकमेकींला इचारायचो. तुझ्या बापाला कुणी इचारलं रं? मीबी न्हाई इचारलं. म्हटलं, त्यांला लाज वाटंल.’

त्यानंतर माझ्या स्वतःच्या कर्जाचा आकडा मी घरात सांगितला. सांगताना घसा कोरडा पडला. मुलगा थोडा वेळ गप्प बसला, मग म्हणाला, ‘आधी का नाही सांगितलं?’ मी म्हणालो, ‘तू विचारलं नाहीस.’ आता तो विचारतो.