सर्व्हर-आधारित वेब प्रणालीतील सेशन व्यवस्थापन : स्वरूप व सुरक्षितता

प्रस्तावना :
प्रवेश, गुणनोंदणी, ग्रंथालय इत्यादी महाविद्यालयीन व्यवहार आज वेब प्रणालीद्वारे होतात. प्राध्यापकाने एकदा पासवर्ड दिल्यानंतर पुढील प्रत्येक पानावर तो पुन्हा द्यावा लागत नाही. ही सोय ज्या यंत्रणेमुळे होते तिला सेशन असे म्हणतात. प्रस्तुत लेखात तिचे कार्य व सुरक्षिततेच्या अटी स्पष्ट केल्या आहेत.

कार्यपद्धती :
एचटीटीपी हा मुळात स्मृतिरहित प्रोटोकॉल आहे. ब्राउझरची प्रत्येक विनंती सर्व्हरच्या दृष्टीने स्वतंत्र असते. ही उणीव दूर करण्यासाठी नेटस्केप कंपनीतील लू मोंतुली यांनी १९९४ मध्ये कुकीची योजना केली. लॉगिन होताच सर्व्हर वापरकर्त्याची माहिती स्वतःजवळ ठेवतो व तिचा केवळ ओळखक्रमांक कुकीद्वारे ब्राउझरकडे पाठवतो. ब्राउझर तो प्रत्येक विनंतीसोबत सादर करतो. ग्रंथालयाच्या दाराशी पिशवी ठेवून बिल्ला घ्यावा, तसाच हा प्रकार होय.

सुरक्षिततेचा प्रश्न :
बिल्ला ज्याच्या हाती, पिशवी त्याची. ओळखक्रमांक परक्याच्या हाती गेल्यास पासवर्ड ठाऊक नसतानाही तो प्राध्यापकाच्या नावे गुण बदलू शकतो. फायरशीप या २०१० मधील साधनाने खुल्या वाय-फायवर अशी चोरी किती सुलभ होती हे दाखवून दिले.

उपाययोजना :
१. ओळखक्रमांक दीर्घ व अंदाज बांधता न येणारा असावा.
२. लॉगिन यशस्वी होताच जुना क्रमांक रद्द करून नवा द्यावा. अन्यथा आधीच कोणी लादलेला क्रमांक अधिकृत ठरतो.
३. संपूर्ण संपर्क एचटीटीपीएसद्वारे व्हावा. कुकीस सिक्युअर व एचटीटीपी-ओन्ली ही बंधने असावीत.
४. निष्क्रिय सेशनची मुदत प्रणालीनेच तपासावी. पीएचपीमध्ये मूळ मुदत १४४० सेकंद, म्हणजे २४ मिनिटे असते. परंतु त्यानंतर माहिती केवळ नष्ट होण्यास पात्र ठरते, तत्काळ नष्ट होतेच असे नाही.
५. लॉगआउटच्या वेळी सर्व्हरवरील नोंदही नष्ट करावी. केवळ ब्राउझरमधील कुकी पुसल्यास चोरलेला क्रमांक चालूच राहतो.

समारोप :
पासवर्ड कितीही कठीण असला, तरी लॉगिननंतर वापरकर्त्याची ओळख ओळखक्रमांकावरच अवलंबून असते. त्याची निर्मिती, नूतनीकरण व समाप्ती ही प्रणाली तयार करणाऱ्याची जबाबदारी आहे. मात्र प्राध्यापक कक्षातील सामायिक संगणकावर टॅब बंद करणे म्हणजे लॉगआउट नव्हे, याचे भान वापरकर्त्यानेही ठेवणे आवश्यक आहे.