वीज आली, फायरवॉल आली का?

वळवाच्या पावसात सातारा-सांगलीकडे वीज बराच वेळ गेली, की यूपीएस संपून लहान कार्यालयांतले सर्व्हर बंद पडतात आणि वीज येताच, तशी सोय केलेली असेल तर, आपोआप सुरू होतात. वेबसाइट उघडते, म्हणून पुढे कोणी पाहत नाही. फायरवॉल मात्र उठलेली नसू शकते.

लिनक्समध्ये हातानं दिलेले नियम कर्नलच्या स्मृतीतच राहतात. ते फाइलीत जतन करून ती वाचणारी सेवा चालू केलेली नसेल, तर रीबूटनंतर पाटी कोरी. 2001 मधलं आयपीटेबल्स असो की 2014 मधलं एनएफटेबल्स, दोन्हीकडे हेच.

खरा चकवा वेगळाच. नियमात आयपी पत्त्याऐवजी एखाद्या यंत्राचं नाव लिहिलेलं असतं. फायरवॉल सहसा नेटवर्कच्या आधी सुरू होते. तेव्हा डीएनएस उत्तर देत नाही, नावाचा पत्ता लागत नाही आणि एनएफटेबल्स अख्खी फाइल नाकारतं. नंतर हातानं चालवली, की तीच फाइल बिनतक्रार चालते! म्हणून त्या बूटची नोंद वाचावी आणि नियमांत आकडी पत्तेच लिहावेत. ओपनबीएसडी याबाबतीत शहाणं: मुख्य नियम चढेपर्यंत ते जुजबी नियम लावून ठेवतं आणि त्यात एसएसएचची वाट खुली असते.