लोहगडवाडीची रात्र आणि परतीची लोकल

लोहगड बघायला आलेल्या परदेशी पाहुण्याचा दिवस बहुधा चांगला जातो. घोळ होतो तो सूर्य कलल्यावर. ११ जुलै २०२५ ला पॅरिसच्या बैठकीत मराठ्यांच्या बारा किल्ल्यांवर जागतिक वारशाची मोहोर उमटली. उपनगरी लोकलच्या स्थानकावर उतरून पायी गाठता येईल असा त्या बारांमध्ये हा एकच गड. त्यामुळे हाताशी दोन-तीनच दिवस असलेल्या पाहुण्याला रायगड किंवा साल्हेरपेक्षा लोहगड सोयीचा वाटतो. डलास-ह्यूस्टनच्या मराठी घरांतून सुट्टीवर येणारी मंडळीही अमेरिकी जावयाला, सुनेला नाहीतर मुलांच्या मित्रांना दाखवण्यासाठी हाच गड निवडू लागली, तर नवल नाही. गडाचे चार दरवाजे, विंचूकाटा, नाना फडणवीसांच्या काळातली सोळा कोनी बाव यांची माहिती हवी तितकी मिळते. पण संध्याकाळी साडेसहाला गडाखालच्या वाडीत उभ्या असलेल्या, मराठी न येणाऱ्या माणसाने पुढे जायचं कुठे आणि कसं, हे सांगणारा साधा फलकही सहज सापडत नाही. जागतिक वारसा म्हणून मिरवायचं, तर ही उणीव आधी भरून काढायला हवी.

येण्याच्या वाटा दोन. पहिली रेल्वेची. पुणे-लोणावळा लोकल १९७८ पासून धावते आणि लोणावळ्याच्या अलीकडचं स्थानक मळवली. मुंबईकडून येणाऱ्याने सिंहगड, इंद्रायणी किंवा डेक्कन एक्सप्रेसने लोणावळ्याला उतरून लोकलने एक स्थानक पुढे यावं. एक्सप्रेस गाड्या मळवलीला थांबत नाहीत. लोकलचं भाडं किरकोळ आहे, पण वेळापत्रक मुंबईसारखं नाही. दोन गाड्यांमध्ये तासाभराचं अंतर सहज असतं आणि दुपारी तर काही तास गाड्या अगदी तुरळक. पाहुणा लंडनचा असो की मुंबईचा, ‘पाच मिनिटांत पुढची येईल’ ही सवय इथे उपयोगी नाही. मळवलीला उतरल्या उतरल्याच संध्याकाळच्या गाड्यांचा फोटो काढून ठेवावा, आणि शेवटच्या गाडीवर भिस्त न ठेवता तिच्या आधीची धरावी.

मळवली हे छोटं स्टेशन. गाडी जेमतेम क्षणभर थांबते, कॉलेजची मुलं आणि भाजीची पोती उतरतात, आणि फलाट पुन्हा रिकामा होतो. बाहेर चहा-वडापावची दुकानं, दोन-चार रिक्षा. इथला पहिलाच प्रश्न असतो, ‘सीटवर की स्पेशल?’ सीटवर म्हणजे बाकीच्यांबरोबर दाटीवाटीने, माणशी भाडं देऊन, आणि तेही बहुधा भाजे गावापर्यंतच. स्पेशल म्हणजे अख्खी रिक्षा आपली, थेट लोहगडवाडीपर्यंत. मीटरचा प्रश्न येत नाही. भाडं बसण्याआधी ठरवायचं आणि ते एकेरी की परतीसह, तेही त्याच वेळी स्पष्ट बोलून घ्यायचं. परतीसह ठरवलं तर रिक्षावाल्याचा नंबर घ्यावा आणि निम्मे पैसे परतल्यावर द्यावेत. यात अविश्वास नाही, दोघांच्या सोयीचा हा रिवाज आहे. रिक्षावाल्यालाही रिकाम्या गाडीने घाट उतरायचा नसतो.

पायी जाणाऱ्याने स्टेशनच्या दक्षिणेला निघून पुलावरून द्रुतगती महामार्ग ओलांडावा. पुढे भाजे गाव, उजवीकडे डोंगरात भाजे लेणी, मग चढणीचा रस्ता गायमुख खिंडीत येतो. खिंडीच्या एका अंगाला विसापूर, दुसऱ्या अंगाला लोहगड आणि पुढे वाडी. सुमारे दोन तासांची चाल. उन्हात किंवा पावसात त्याहून जास्त. सकाळी ही चाल फार सुंदर आहे. अंधारात उतरताना मात्र रस्त्यावर दिवे नाहीत, फोनची रेंज मध्येच जाते आणि सुट्टीच्या दिवशी भरधाव गाड्यांची भीती असते. म्हणून सकाळी चढावं पायी आणि संध्याकाळी उतरावं गाडीने.

दुसरी वाट लोणावळ्याहून दुधिवरे खिंडीमार्गे. स्वतःची किंवा भाड्याची गाडी असेल तर ही बरी. ॲपवरून पुणे-मुंबईहून येताना टॅक्सी सहज मिळते, परतताना वाडीत ॲप उघडलं तर पडदा नुसता फिरत राहतो. त्यामुळे येतानाची टॅक्सी सोडू नये, थांबण्याचे पैसे आधी ठरवून ती दिवसभरासाठीच घ्यावी. नियमित एसटीवर विसंबून संध्याकाळचा बेत आखण्यासारखी परिस्थिती नाही. भाड्याने दुचाकी घेणाऱ्या परदेशी पाहुण्याजवळ आंतरराष्ट्रीय वाहन परवाना हवा. शिवाय द्रुतगती महामार्गावर दुचाकीला बंदी आहे, हे फोनवरचा नकाशा त्याला आपण होऊन सांगेलच असं नाही. दुचाकीने जुना मुंबई-पुणे रस्ताच धरायचा. रस्त्याच्या उजव्या बाजूने गाडी चालवणाऱ्या देशांतून आलेल्याने घाटात पहिल्यांदाच डाव्या बाजूने चालवण्याचा प्रयोग रात्री करू नये.

पैशांची अडचण अनेकांच्या ध्यानात येत नाही. वाडीतल्या लिंबू-सरबताच्या टपरीवरही यूपीआयचा कोड लावलेला असतो आणि परदेशी कार्डाचा तिथे काडीचा उपयोग नसतो. जी-२० बैठकांच्या निमित्ताने २०२३ मध्ये परदेशी प्रवाशांसाठी यूपीआयचं वेगळं वॉलेट सुरू झालं, पण ते विमानतळावर किंवा शहरातच करून घ्यावं लागतं. वाडीत एटीएम मिळेल असं धरून चालू नये. दहा, वीस, पन्नास, शंभरच्या सुट्ट्या नोटा बरोबर असल्या की निम्म्या अडचणी मिटतात. टॅक्सीच्या काही ॲपचा ओटीपी यायलाही भारतीय नंबर लागतो, म्हणून सिमकार्डाचं काम पहिल्याच दिवशी उरकावं.

गडावर प्रवेशाला तिकीट आहे आणि परदेशी नागरिकांचा दर भारतीयांपेक्षा बराच जास्त. ओसीआय कार्ड असणाऱ्यांना मात्र २०२१ च्या अधिसूचनेनुसार राष्ट्रीय स्मारकांत भारतीयांचाच दर लागतो. अमेरिकेत वाढलेल्या मराठी मुलांनी ते कार्ड घरी विसरू नये. गड भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या ताब्यातलं संरक्षित स्मारक आहे. सूर्यास्ताच्या आत खाली यायचं. लक्ष्मी कोठीत मुक्काम करण्याचा सल्ला जुन्या ट्रेक-पुस्तकांत आणि जुन्या भटक्यांच्या तोंडी अजून सापडतो. तो आता विसरायचा. गडावर रात्र काढता येत नाही, तंबू ठोकता येत नाही, चूल पेटवता येत नाही.

मग रात्र काढायची कुठे? वाडीत घरगुती मुक्कामाची आणि जेवणाची सोय होते. पिठलं-भाकरी, ठेचा, सांगून ठेवलं तर चुलीवरचं चिकन. तिखट कमी हवं असेल तर ऑर्डर देतानाच सांगावं. ताटात आल्यावर उपाय नसतो. पाणी बाटलीचं किंवा उकळलेलं. कायद्याचा एक मुद्दा इथे निर्णायक आहे. परदेशी नागरिकाला मुक्कामाला ठेवणाऱ्याने त्याची माहिती फॉर्म-३ वर (पूर्वीचा सी-फॉर्म) २४ तासांच्या आत ऑनलाइन कळवावी लागते, मग ते पंचतारांकित हॉटेल असो की शेतातलं दोन खोल्यांचं घर. ज्यांनी ही नोंदणी केलेली नाही ते आयत्या वेळी पाहुण्याला ‘जमणार नाही’ म्हणतात, आणि रात्री आठला हे ऐकायला मिळालं की माणूस रडकुंडीला येतो. बुकिंग करतानाच विचारावं, ‘परदेशी पाहुण्याचा फॉर्म भरता का?’ वाडीतल्या घरमालकांना हा फॉर्म शिकवण्याचं शिबिर एखाद्या दिवसात होऊ शकतं. रोषणाई आणि स्वागतकमानींपेक्षा त्या एका दिवसाचा गावाला जास्त फायदा होईल.

संध्याकाळचं गाणं-बजावणं आणि बार हवा असलेल्याने लोणावळ्यातच उतरावं; तिथल्या रिसॉर्टमध्ये आणि हॉटेलांत त्याची व्यवस्था आहे. टेक्ससमध्ये परवाना असलेले बार रात्री दोनपर्यंत दारू देऊ शकतात आणि वयाची अट सगळ्याला २१ वर्षांची. महाराष्ट्रात बिअरला २१, पण व्हिस्की-रमला २५. तेवीस वर्षांच्या अमेरिकी तरुणाला हा धक्का असतो. दारू पिण्यासाठी परवाना लागतो, तो एका दिवसाचाही मिळतो. उघड्यावर पिणं हा गुन्हा आहे. गडकिल्ल्यांवर दारू पिणाऱ्यांवर दारूबंदी कायद्याखाली कारवाई करण्याची सूचना गृहविभागाने २०२० मध्ये मुद्दाम दिलेली आहे. गडाजवळच्या पवना जलाशयाच्या काठावर तंबूंच्या रांगा लागतात, शेकोटी, गाणी, बार्बेक्यू असा एकरकमी बेत विकला जातो. तंबू चालवणारा कोण, परवानगी आहे का, स्वच्छतागृह कुठे, हे आधी विचारावं. रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर ध्वनिक्षेपक लावायला कायद्याने मनाई आहे. आणि अंधारात, त्यातून पिऊन, पाण्यात उतरायचं नाही. जलाशयाचा तळ दिसतो तसा सपाट नसतो. या पाण्याने दरवर्षी तरुण मुलं घेतली आहेत.

लोहगडवाडीची खरी रात्र यापलीकडची आहे. मे संपत येतो, वळवाचा एखादा शिडकावा होऊन जातो आणि हिरडा, बेहडा, ऐन, जांभूळ यांच्या झाडोऱ्यात काजवे चमकू लागतात. लोणावळ्याच्या परिसरात राजमाची त्यासाठी सगळ्यात नावाजलेली. लोहगड-विसापूरच्या पायथ्याच्या झाडीतही ते दिसतात. काजव्यांचं प्रौढ आयुष्य थोड्या आठवड्यांचं. त्याआधीचा मोठा काळ अळीच्या रूपात ओल्या मातीत, गोगलगायी खाऊन जातो. चमकणारे बहुतेक नर असतात. ते उडता उडता ठरावीक लयीत खुणा करतात, आणि पानावर किंवा गवतावर बसलेली मादी तिच्या उजेडाने उत्तर देते. सुरुवातीला इथे-तिथे एकेक ठिपका दिसतो. डोळे सरावले की एकाच झाडावरचे शेकडो काजवे एका तालावर उजळतात आणि विझतात, आणि ती लाट शेजारच्या झाडावर सरकते. पोटातल्या रसायनांच्या अभिक्रियेतून निघणारा हा उजेड जवळपास उष्णताहीन असतो.

हा सगळा व्यवहार अंधारावर चालतो, म्हणून पाहुण्याच्या हातातला मोबाइल हाच त्यातला सर्वांत मोठा अडथळा. फ्लॅश पडला की मादीचं उत्तर नराला दिसत नाही आणि नराची खूण मादीला. गाडीचे दिवे झाडावर टाकणं तर क्रूरपणाच. गाडी वाडीत ठेवावी, चालताना लाल कागद लावलेली बॅटरी पायाशी धरावी, झाडाजवळ पोचल्यावर तीही बंद. काजवे हातात धरू नयेत, बाटलीत भरू नयेत, झाडाखालची झुडपं तुडवू नयेत. तिथेच माद्या बसलेल्या असतात. अमावस्येच्या आसपासचे दिवस उत्तम, पौर्णिमेला मजा नाही. साधारण साडेसात ते दहा ही वेळ पुरते. जूनमधला पहिला जोरदार पाऊस आला की हंगाम आटोपतो. लोणावळ्याच्या एका रात्रीच्या पार्टीपेक्षा हे दोन तास पाहुण्याच्या जास्त लक्षात राहतील, आणि गावातला एखादा जाणता माणूस वाटाड्या म्हणून घेतला तर पैसे वाडीतच राहतील. हिवाळ्यात काजवे नसतात, पण आकाश स्वच्छ असतं. पूर्वेकडे पिंपरी-चिंचवडचा उजेड सोडला तर तारे भरपूर.

अंधारात पायवाटांवर घोणस, फुरसं यांसारखे साप असतात आणि मावळात बिबट्याचा वावर आहे. पूर्ण बूट, हातात काठी, एकट्याने न हिंडणं, एवढं पुरे. सापाने चावलंच तर चिरा देणं, चोखणं यात वेळ न घालवता १०८ ला फोन करून माणसाला हलवावं. पोलिसांसाठी ११२, रेल्वेसाठी १३९. डोंगरात कुणी अडकलं तर लोणावळ्याच्या ‘शिवदुर्ग मित्र’ या संस्थेचे स्वयंसेवक धावून जातात. रात्री-अपरात्री पावसात दोर घेऊन दरीत उतरणाऱ्या या तरुणांचं काम मावळाबाहेर फारसं कुणाला माहीत नाही, आणि परदेशी पर्यटकांसाठीच्या एकूण एक पत्रकात त्यांचं नाव असायला हवं.

पावसाळ्यात हिशेब बदलतो. लोणावळ्याचं वार्षिक पर्जन्यमान चार हजार मिलिमीटरच्या वर. ३० जून २०२४ ला भुशी धरणाजवळ एका कुटुंबातली पाच माणसं वाहून गेली, १५ जून २०२५ ला मावळातल्याच कुंडमळ्याचा पूल कोसळला. अशा घटनांनंतर जिल्हा प्रशासन धबधबे, धरणं, किल्ले अशा ठिकाणी पावसाळ्यात निर्बंधांचे आदेश काढतं आणि काही जागी संध्याकाळनंतर थांबायलाच मनाई असते. हे आदेश मराठीत निघतात, परदेशी माणसाला कळत नाहीत. यजमानाने ते वाचून सांगावेत. २०२३ च्या जुलैत तर रविवारच्या गर्दीने गडाच्या पायऱ्यांवर माणसं तासन्‌तास अडकली होती. म्हणून पावसात लोहगड बघायचा तो मंगळवार-बुधवारी. निसरड्या दगडी पायऱ्या आणि उतरणारं धुकं लक्षात घेऊन दुपारी तीनच्या पुढे चढायला सुरुवात करू नये.

मुक्काम केलेल्या पाहुण्याने सकाळी लवकर निघून वाटेत भाजे लेणी बघावीत. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातलं ते चैत्यगृह आणि त्याच्या लाकडी कमानी चुकवण्यासारख्या नाहीत. तिथून मळवली जवळ. मात्र सकाळच्या गर्दीच्या लोकल सरल्या की दुपारी बराच वेळ गाडी नसते, तेव्हा लेण्यांत किती थांबायचं ते गाडी बघून ठरवावं. आणि रविवारी रात्री मुंबईहून विमान असेल तर लोहगडचा मुक्काम शनिवारी ठेवू नये: रविवारी संध्याकाळी घाटातला रस्ता मुंबईच्या दिशेने किती तास तुंबेल याची खात्री कुणीच देऊ शकत नाही. त्या दिवशी मुंबईला पोचायचंच असेल तर दुपारच्या आत लोणावळा गाठून रेल्वेच धरावी.