विश्लेषण : विद्यार्थी शाळा सोडणार, हे नववीतच कसे कळते? शिकागोचा ‘ऑन-ट्रॅक’ निकष काय आहे?

एखाद्या विद्यार्थ्याने शाळा सोडली की ते अचानक घडल्यासारखे वाटते. प्रत्यक्षात त्याच्या खुणा बऱ्याचदा दोन-तीन वर्षे आधीच हजेरीपटात आणि निकालात दिसू लागतात. या खुणा वेळीच ओळखण्याची पद्धत अमेरिकेतील शिकागो शहराच्या सरकारी शाळांनी वापरली. ती काय आहे आणि अशी पद्धत कुठे कमी पडू शकते, हे समजून घेऊ.

नववीच का?

अमेरिकेत नववी ते बारावी ही चार वर्षे हायस्कूलची. आपल्याकडे बोर्डाची परीक्षा निर्णायक असते. तिकडे विषय पास झाला की क्रेडिट मिळते आणि ठरावीक क्रेडिट जमली की डिप्लोमा. त्यामुळे नववीत राहिलेले विषय थकबाकीसारखे पुढच्या वर्षांवर चढत जातात.

‘ऑन-ट्रॅक’ कोण?

नववीच्या अखेरीस दोनच गोष्टी पाहिल्या जातात :

• वर्षभराच्या विषयांची किमान ५ क्रेडिट मिळालेली असावीत.
• इंग्रजी, गणित, विज्ञान आणि सामाजिक शास्त्र या मुख्य विषयांत मिळून एकापेक्षा जास्त सत्र-निकाल नापासाचे नसावेत.

शिकागो विद्यापीठातील संशोधक एलेन अ‍ॅलेन्सवर्थ आणि जॉन ईस्टन यांनी २००५ मध्ये या निकषाचा अभ्यास मांडला. ऑन-ट्रॅक असलेल्यांपैकी ८१ टक्के विद्यार्थ्यांनी चार वर्षांत हायस्कूल पूर्ण केले. मागे पडलेल्यांमध्ये हे प्रमाण फक्त २२ टक्के होते.

हुशारी महत्त्वाची की हजेरी?

याच संशोधकांच्या २००७ च्या अहवालातील निष्कर्ष अनेकांना अनपेक्षित होता. नववीत कोण नापास होईल, याचा अंदाज आठवीच्या चाचणी गुणांपेक्षा हजेरीवरून कितीतरी चांगला बांधता येतो. चाचणीत वरच्या गटात असलेला, पण सत्रात दोन आठवडे गैरहजर राहणारा विद्यार्थी नापास होण्याची शक्यता जास्त असते. खालच्या गटातल्या, पण एकच आठवडा बुडवणाऱ्या विद्यार्थ्याबाबत ती कमी असते.

यादी मिळाल्यावर काय केले?

वर्ष संपण्याची वाट न पाहता शाळांना वर्ष सुरू असतानाच विद्यार्थ्यांची नावानिशी माहिती मिळू लागली. नववीचे शिक्षक एकत्र बसून ती पाहू लागले. गैरहजर मुलांच्या घरी फोन गेले, जादा शिकवणीची सोय झाली. २००७ मध्ये ५७ टक्के असलेले ऑन-ट्रॅक विद्यार्थ्यांचे प्रमाण २०१३ मध्ये ८२ टक्क्यांवर गेले.

मुलांना सरसकट पास केले गेले का, ही शंका साहजिक आहे. मात्र २०१४ च्या अहवालानुसार फक्त नापासांची संख्या घटली नाही, तर चांगली श्रेणी मिळवणारेही वाढले.

मग संगणकावरच का सोपवू नये?

विस्कॉन्सिन राज्याने २०१२ पासून तसा प्रयोग केला. तिथला अल्गोरिदम सहावीपासूनच्या विद्यार्थ्यांची जोखीम ठरवत होता आणि त्यात वंशाची माहितीही वापरली जात होती. ‘द मार्कअप’ या वृत्तसंस्थेने २०२३ मध्ये त्याची तपासणी केली. ‘हा विद्यार्थी वेळेत हायस्कूल पूर्ण करणार नाही’ असे भाकीत जवळपास चारपैकी तीन वेळा चुकत होते. कृष्णवर्णीय आणि हिस्पॅनिक मुलांबाबत असे खोटे इशारे गोऱ्या मुलांपेक्षा अधिक प्रमाणात दिले जात होते.

संशोधकांच्या स्वतंत्र अभ्यासात आणखी एक गोष्ट समोर आली. ‘जास्त जोखीम’ असा शिक्का बसल्यामुळे हायस्कूल पूर्ण करण्याच्या प्रमाणात फरक पडल्याचे दिसले नाही.

फरक नेमका कुठे?

शिकागोचा नियम कोणत्याही शिक्षकाला कागद-पेनाने तपासता येतो. त्यातला विषयांचा निकाल शाळेच्या प्रयत्नांनी सुधारता येतो. वंश बदलता येत नाही. त्यावरून दिलेल्या इशाऱ्याचे काय करायचे, हे शिक्षकाला कळत नाही आणि मुलावर मात्र शिक्का बसतो.

म्हणून अशी यंत्रणा उभारताना दोन प्रश्न आधी विचारायला हवेत. इशारा ज्या गोष्टीवर आधारलेला आहे, ती सुधारता येते का? आणि इशारा मिळाल्यावर त्याच आठवड्यात मुलाशी बोलायला कोण जाणार?