सणांच्या पानामागची गडबड

देवळात बसणाऱ्यांना वेदीवरचा रंग दिसतो: आगमनकाळात जांभळा, नाताळला पांढरा, पेंटेकॉस्टला लाल, मधल्या लांबलचक काळात हिरवा. तो रंग ठरतो आत, धर्मगुरूंच्या तयारीच्या खोलीत, म्हणजे सॅक्रिस्टीत. तिथे खिळ्याला ‘ऑर्दो’ नावाची एक बारकी पुस्तिका टांगलेली असते. आज कुणाचा सण, कोणता झगा, दोन सण एकाच दिवशी आले तर कुणी माघार घ्यायची, सगळे त्यात छापलेले असते. लहानपणी वेदीसेवक म्हणून त्या खोलीत वावरलो तेव्हापासून मला या पुस्तिकेची गोडी लागली. नाताळ, उपवासकाळ, ईस्टर हा क्रम सगळ्यांना पाठ आहे. पण त्यातली प्रत्येक तारीख कुणीतरी भांडून, विनवून, कधी दुसऱ्याला बाजूला सारून मिळवलेली आहे, हे पुढे वाचत गेलो तसे कळले, आणि या पंचांगावरचे माझे प्रेम वाढतच गेले.

संतांचा सण साधारणपणे त्यांच्या मृत्यूच्या तारखेला येतो. आविलाच्या संत तेरेसा स्पेनमधल्या आल्बा दे तोर्मेस इथे 4 ऑक्टोबर 1582 च्या रात्री वारल्या. त्याच रात्री पोप तेराव्या ग्रेगरींची नवी दिनगणना लागू झाली. ईस्टर ऋतूपासून सरकत चालला होता, म्हणून दहा दिवस वगळायचे ठरले होते. गुरुवार 4 नंतर थेट शुक्रवार 15 उजाडला. 4 तारीख आधीच असिसीच्या संत फ्रान्सिसांनी घेतलेली होती, म्हणून तेरेसांचा सण 15 ऑक्टोबरला लागला. मृत्यू आणि सण यांच्यात कागदावर अकरा तारखांचे अंतर आहे. प्रत्यक्षात मध्ये एकच रात्र गेली.

त्या सुधारणेचे गणित मांडणारे अलोयसियस लिलियस तोवर जिवंतही नव्हते. ते 1576 मध्येच गेले आणि त्यांचे हस्तलिखित भाऊ अंतोनियोने रोमला सादर केले. नवे पंचांग छापून विकण्याचा मक्ता पोपनी अंतोनियोलाच दिला. मागणी साऱ्या ख्रिस्ती जगातून आली आणि प्रती काही वेळेवर निघेनात. ज्या पंचांगाने सूर्याचा घोळ निस्तरला ते छापखान्यात अडकले, आणि अंतोनियोचा मक्ता काढून घ्यावा लागला.

ईस्टरच्या तारखेवरून याहून जुने भांडण एका राजाच्या घरातच झाले. सातव्या शतकात इंग्लंडच्या उत्तरेला नॉर्थम्ब्रियात राजा ओस्वियू आयर्लंडकडून आलेली गणना पाळत असे. राणी एनफ्लेड केंटमध्ये वाढलेली. ती तिथून स्वतःचा धर्मगुरू घेऊन आली होती आणि रोमची गणना पाळत होती. इतिहासकार बीड लिहितो की कधीकधी राजा उपवास सोडून ईस्टर साजरा करी, तेव्हा राणीच्या महालात नुकता झावळ्यांचा रविवार चालू असे. एकाच राजवाड्यात एकीकडे मेजवानी, दुसरीकडे उपास. शेवटी 664 मध्ये व्हिटबीच्या मठात सभा भरली. आयरिश बाजूने बिशप कोलमान, रोमच्या बाजूने विल्फ्रिड. चंद्रकलांचा बराच काथ्याकूट झाला, पण निकाल गणितावर लागलाच नाही. स्वर्गाच्या किल्ल्या संत पेत्राच्या हाती आहेत हे दोन्ही पक्षांना मान्य आहे ना, एवढेच राजाने विचारले. मग दारातल्या माणसाशी वैर नको म्हणून त्याने रोमची तारीख स्वीकारली. कोलमान आपल्या माणसांसह निघून गेले, आणि पुढच्या वर्षापासून राजा राणीच्या तारखेला जेवू लागला.

मला सर्वांत नवल वाटते ते पवित्र शनिवारच्या रात्रीचे, कारण कित्येक शतके ती रात्र सकाळीच होत असे. मूळ विधी अंधारातला: बाहेर नवा अग्नी पेटवायचा, त्यावर पास्खाची मोठी मेणबत्ती लावायची, ती अंधाऱ्या देवळात आणायची आणि या रात्रीची थोरवी गायची. ते मेण गोळा करणाऱ्या मधमाश्यांचीही त्या गीतात स्तुती आहे. पण मिस्सेपूर्वी मध्यरात्रीपासून काही खायचे नाही हा नियम कडक होता, आणि 1566 मध्ये पोप पाचव्या पायस यांनी दुपारनंतरच्या मिस्सेला बंदीच घातली. त्यामुळे सारा विधी शनिवारी सकाळी उरकला जाऊ लागला. खिडक्यांतून लख्ख ऊन येते आहे, देऊळ जवळजवळ रिकामे आहे आणि धर्मगुरू तन्मयतेने रात्रीचे गुणगान करताहेत, हे दृश्य माझ्या आजोबांच्या पिढीने पाहिले आहे. बाराव्या पायस यांनी 1951 मध्ये हा विधी रात्री करून पाहण्याची मुभा दिली आणि 1955 च्या हुकुमाने तो सगळीकडे रात्री नेला. पुढच्याच वर्षी त्याची अंमलबजावणी झाली. देवळे पुन्हा भरली, अंधाराला अर्थ आला. त्याच हुकुमात स्वयंपाकघरापर्यंत पोचणारी एक ओळही होती. तोवर उपवासकाळ शनिवारी दुपारी बाराला सुटत असे. आता तो मध्यरात्रीला सुटणार होता. लोकांना खरी रात्र मिळाली आणि उपवास अर्ध्या दिवसाने लांबला.

उपासाचा विषय निघाला की इतिहास थेट चुलीपाशी जातो. जुन्या नियमात उपवासकाळात मांसाबरोबर दूध, लोणी, अंडीही वर्ज्य होती. इटलीत हे निभावते, तिथे ऑलिव्हचे तेल आहे. उत्तरेकडच्या थंड मुलखात लोण्यावाचून स्वयंपाक कसा करायचा? म्हणून दानाच्या बदल्यात लोण्याची सूट मिळू लागली. फ्रान्समधल्या रूआं कॅथेड्रलचा एक उंच मनोरा पंधराव्या शतकाच्या अखेरीस उभा राहू लागला, तेव्हा त्याच्या खर्चाचा बराच वाटा या सुटीच्या पैशातून आला असे सांगतात. आजही त्याचे नाव लोण्याचा मनोरा असेच आहे. लोणी सोडायचे त्या दिवसांत लोकांनी ते खाल्ले आणि देवळाला शिखर चढले.

मांसाबाबत पळवाट निघाली ती पाण्यातून. मासा चालतो, मग पाण्यात राहणारे इतर जीव का नको? बाराव्या शतकात वेल्सच्या जेराल्डने लिहून ठेवले आहे की आयर्लंडमधले काही धर्मगुरू उपासाच्या दिवशी एका जातीचे बदक खातात, कारण ते अंड्यातून नाही तर समुद्रातल्या लाकडावरच्या शिंपल्यांतून जन्मते अशी समजूत होती. सम्राट दुसऱ्या फ्रेडरिकने पुढे तसे शिंपले मागवून पाहिले. आत पिल्लू कसले, पक्ष्याची खूणही नव्हती. तरी पळवाट बुजली नाही. कॅनडात फ्रेंच वसाहतींत बीव्हर माशांच्या पंगतीत बसला, आणि व्हेनेझुएलात कापिबारा हा मोठा केसाळ प्राणी आजही उपवासकाळात आवडीने खाल्ला जातो.

झुरिचमध्ये मात्र कुणी पळवाट शोधली नाही. 1522 च्या उपवासकाळात क्रिस्तोफ फ्रोशाउएर या मुद्रकाच्या घरी सॉसेजच्या चकत्या वाटल्या गेल्या. फ्रँकफर्टच्या जत्रेसाठी पुस्तक वेळेत काढायचे आहे, कामगार राबताहेत, त्यांना ताकद नको का, असा त्याचा बचाव होता. धर्मगुरू उलरिख झ्विंगली तिथे हजर होते. त्यांनी एक तुकडाही तोंडात घातला नाही. पण काही दिवसांनी त्यांनीच व्यासपीठावरून खाणाऱ्यांची बाजू घेतली आणि स्वित्झर्लंडमधल्या धर्मसुधारणेला तोंड फुटले. उपास न मोडलेल्या माणसाने उपासाचा कायदा मोडून काढला.

अमेरिकेतला किस्सा अलीकडचा. सिनसिनाटीत लू ग्रोन यांचे मॅकडोनल्ड्सचे दुकान होते. वस्ती कॅथलिकांची, त्यामुळे शुक्रवारी गल्ला रिकामा. त्यांनी माशाचे सँडविच काढायचे ठरवले. कंपनीचे रे क्रॉक यांना ती कल्पना पसंत नव्हती. त्यांनी मांसाऐवजी भाजलेल्या अननसाची चकती घातलेला पाव पुढे केला. 1962 च्या शुभ शुक्रवारी दोन्ही विकायला ठेवले. जास्त खपेल ते टिकणार. मासा सहज जिंकला आणि 1965 मध्ये देशभर गेला. नेमके पुढच्या वर्षी अमेरिकेतल्या बिशपांनी उपवासकाळाबाहेरच्या शुक्रवारी मांस वर्ज्य करण्याची सक्ती उठवली. नियम गेला, त्याच्यासाठी केलेले सँडविच अजून विकले जाते आहे.

आता आपल्या घराजवळचा किस्सा. दिनगणना बदलणाऱ्या त्याच तेराव्या ग्रेगरींच्या काळात सुधारलेल्या रोमन हुतात्मा-सूचीत 27 नोव्हेंबरला बार्लाम आणि योसाफात ही दोन नावे होती, आणि त्यांचा देश म्हणून भारताचा उल्लेख होता. योसाफात हा राजपुत्र. तो संन्यासी होईल असे भाकीत झाले म्हणून बापाने त्याला महालात कोंडून ठेवले. दुःख त्याच्या नजरेस पडू दिले नाही. तरी त्याला एक रोगी दिसला, एक आंधळा दिसला, एक जख्ख म्हातारा दिसला आणि त्याने राज्य सोडले. मराठी वाचकाला हे कोण ते सांगायला नको. बोधिसत्त्वाची गोष्ट अरबी, जॉर्जियन, ग्रीक असे मुक्काम करत युरोपात पोचली तेव्हा सिद्धार्थाचा ख्रिस्ती संत झाला होता. व्हेनिसच्या डोजने 1571 मध्ये पोर्तुगालच्या राजाला या संताचे अस्थिअवशेष म्हणून एक हाडही भेट दिले. एकोणिसाव्या शतकात युरोपातल्या अभ्यासकांनी दोन्ही कथा शेजारी ठेवल्या आणि साऱ्यांना नवल वाटले. पण गोव्याच्या दफ्तरखान्याचा रखवालदार आणि इतिहासकार दिओगु दु कोउतु याला हे साम्य खूप आधी जाणवले होते. वसईच्या मुलखातल्या साष्टीत त्याने कान्हेरीच्या लेण्यांबद्दल जुन्या लोकांकडे चौकशी केली. ती संत योसाफाताच्या बापाने कोरून घेतली, असे उत्तर त्याला मिळाले. लेण्यांतला बुद्ध युरोपभर फिरून संत झाला, आणि त्याच नावाने आपल्या लेण्यांपाशी परतला.

पंचांगाच्या 1969 च्या सुधारणेची हकिगत अनेकांना ठाऊक आहे: संत क्रिस्तोफरसारखी काही नावे सार्वत्रिक पंचांगातून निघाली, आणि गाडीत त्यांचे पदक लावणाऱ्यांना वाटले की संतपदच गेले. तसे झाले नव्हते. सार्वत्रिक पान मोकळे करायचे होते, स्थानिक भक्तीला आडकाठी नव्हती. संत व्हॅलेंटाइनही त्याच फेरीत गेले, आणि ज्या फर्मानाने गेले त्यावर तारीख आहे 14 फेब्रुवारी 1969. पुढे 2018 आणि 2024 मध्ये त्याच तारखेला भस्म बुधवार आला. गुलाबांच्या दिवशी कपाळावर राख लागली.

याच सुधारणेत प्रेषित थोमाचा सण हलला. रोममध्ये तो 21 डिसेंबरला असे, नाताळच्या तयारीच्या ऐन गर्दीत. तो उचलून 3 जुलैला नेला. केरळचे थोमा-ख्रिस्ती लोक शतकानुशतके हीच तारीख पाळत आले होते. पोर्तुगीज काळात ज्यांना रोमच्या पद्धती शिकवायचा खटाटोप झाला, त्यांच्या तारखेला अखेर रोमच आले.

पेंटेकॉस्टनंतरचा आठवडाही तेव्हाच गेला. सॅक्रिस्टीत पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाणारी गोष्ट अशी: 1970 मध्ये पेंटेकॉस्टच्या दुसऱ्या सकाळी पोप सहावे पॉल मिस्सेला आले तर पुढ्यात हिरवा झगा. लाल का नाही, त्यांनी विचारले. आपणच तो आठवडा रद्द केलात, असे उत्तर आले आणि पोपच्या डोळ्यांत पाणी तरळले. याची कुठे नोंद नाही, पण ज्यांना जुना लाल आठवडा प्रिय होता त्यांचे दुःख या गोष्टीत खरे आहे. पोप फ्रान्सिस यांनी 2018 मध्ये तो सोमवार ख्रिस्तसभेची माता मरिया हिला दिला. हिरवा गेला खरा. त्या जागी आला पांढरा.

संत योसेफांना जागा देताना तर दुसऱ्यांनाच सरकावे लागले. 1955 मध्ये त्यांना कामगारांचे आश्रयदाते म्हणून 1 मे मिळाला, म्हणून प्रेषित फिलिप आणि याकोब यांना 11 तारखेला सरकावे लागले. 1969 मध्ये योसेफांच्या त्या सणाचा दर्जा ऐच्छिक झाला, तरी प्रेषितांना जुनी जागा मिळाली नाही. ते 3 मेला गेले. पण योसेफांना मोठा मान मिळाला तो दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेत. नोव्हेंबर 1962 मध्ये मोस्तारचे वृद्ध बिशप पेतार चुले मिस्सेच्या मुख्य प्रार्थनेत योसेफांचे नाव घ्यावे म्हणून अडखळत, लांबण लावत बोलले. सभागृहात कुजबुज सुरू झाली आणि अध्यक्ष कार्डिनल रुफिनी यांनी त्यांना आवरते घ्यायला लावले. पोप तेविसावे जॉन आपल्या दालनातल्या पडद्यावर हे पाहत होते. ज्याला सभा हसत होती त्या माणसाने साम्यवादी राजवटीत तुरुंगवास भोगला आहे, हे त्यांना ठाऊक होते. तीनच दिवसांत घोषणा झाली. कित्येक शतके ज्या प्रार्थनेत एक नाव वाढले नव्हते, तीत योसेफ दाखल झाले, आणि परिषदेला मत द्यायची वेळच आली नाही.

आमच्या वसईच्या गोन्सालो गार्सियांनाही जागेसाठी सरकावे लागले. नागासाकीत 5 फेब्रुवारी 1597 रोजी सव्वीस जणांना क्रुसावर चढवले, त्यांत ते होते; 1862 मध्ये सगळे संत झाले. पण 5 फेब्रुवारी ही कातानियाच्या संत आगाथांची. त्यांचे नाव मिस्सेच्या प्राचीन प्रार्थनेतच आहे, त्यांना कोण हलवणार? म्हणून सव्वीस जणांना 6 तारीख मिळाली, आणि सार्वत्रिक पंचांगात नोंद झाली ती ‘पॉल मिकी आणि सोबती’ अशी. गोन्सालो त्या सोबत्यांत मोडतात. वसईत कुणाला विचाराल तर 6 फेब्रुवारी हा संत गोन्सालोंचा दिवस आहे, आणि सोबती म्हणाल तर ते पॉल मिकी.